डाव्या बाजूचे पाटे

फोरमननी घोडीला बुटानं एक ठोकर मारली, मग दुसरी. चासीखाली टेकू म्हणून लावलेली ती लोखंडी तिपाई जागची हलली नाही. तरी त्यांनी दोन्ही हातांनी बंपर धरून गाडी गदागदा हलवली, वाकून खाली पाहिलं आणि शेजारी आणखी एक घोडी सरकवली. तिच्याही पलीकडे सुटं चाक आडवं टाकलं.

"बाबा, एवढ्यावर तुमची बस उभी राहील," सून म्हणाली.

"राहू दे."

खरं तर खाली त्यांनीच जायचं होतं. डेपोत त्यांचा सारा जन्म बसखाली गेलेला. पण उजवा खांदा धरला होता, हात डोक्याच्या वर जात नव्हता, आणि गंजलेले नट सोडवायचे म्हणजे अंगात जोर हवा. सून गुरांची डॉक्टर होती. अडलेल्या गाईचं वासरू ओढून काढणारे तिचे हात. सकाळभर नाही नाही म्हणून शेवटी त्यांनी पाना तिच्या हातात दिला.

पुठ्ठा अंथरून ती पाठीवर सरकत गाडीखाली गेली. माती, जुनं ग्रीस आणि गंज यांचा वास नाकात भरला. आणि तेवढ्यात तिच्या घोट्याभोवती काहीतरी घट्ट आवळलं गेलं. फोरमननी खाली बसून तिचा पाय धरला होता.

तिनं पाय तसाच राहू दिला. पहिला नट सुटायला बराच वेळ लागला. मग तिनं मोठा पाना मागितला. त्यांनी एका हातानं तो आत सरकवला. दुसरा हात पायावरून काढला नाही.

वर्षभर ही गाडी अंगणात एका बाजूला कललेली उभी होती. उजव्या बाजूचे स्प्रिंगचे पाटे नवे, जाड, उंच कमानीचे. डाव्या बाजूचे जुने, बसलेले. फोरमनच्या मुलानं भंगारात निघालेली ही गाडी आणून स्वतःच्या हातानं उभी केली होती. पुढची-मागची चारी चाकं ओढणारी, दणकट, पण वरच्या वाड्यांच्या रस्त्याला पोट घासणारी. बायकोला त्या वाड्यांवर गुरं तपासायला जावं लागे. "खालून दगड लागतात रे," असं ती एकदा जेवताना म्हणाली, आणि त्यानं गाडी उंच करायला घेतली. उजवी बाजू झाली. डावी घेतली तेव्हा गाडी नुसत्या जॅकवर होती. घोड्या डेपोतून आणायच्या होत्या. तो म्हणाला, तेवढ्यात उरकतं.

शेजाऱ्यांनी त्याच्या अंगावरून गाडी उचलली तेव्हा सून घरात नव्हती. सासूबाई होत्या.

त्या दिवसापासून सासूबाईंनी तिच्याशी बोलणं टाकलं असं नाही. पण त्यांच्या वाक्यांतलं 'तू' गेलं. "वाढलंय." "पाणी तापलंय." "दार लावून घ्यायचं." आधी त्या दिवसभर कोणाला ना कोणाला टोमणे मारायच्या. नवऱ्याला फोरमनसाहेब म्हणायच्या, बाप-लेक गाडीत रमले की दारातून ओरडायच्या, "ताटं आणू का गाडीखाली?" आता घरात भांड्यांचाच काय तो आवाज.

तिची बदली झाली ती वरच्याच वाड्यांवर. राहायला खोली, दवाखाना, आणि फिरायला काहीच नाही. बदली तिनं मागून घेतली होती, हे तिनं घरात सांगितलं नाही. नुसती बातमी दिली. सासूबाई भाजी निवडत होत्या.

"कधी?"

"गाडी झाली की."

"तीच गाडी?"

"हो, आई."

सासूबाई निवडलेली आणि न निवडलेली भाजी एकाच परातीत लोटून आत गेल्या. तिनं त्याचा अर्थ लावला. वर्षभर लावत आली होती तोच. माझ्यासाठी गेला यांचा मुलगा. मी डोळ्यांसमोरून जाते तेच बरं.

फोरमन मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी घोड्या घेऊन आले होते.

डाव्या बाजूचे पाटे बसले. चाकं लावून गाडी खाली घेतली तेव्हा ती वर्षभरात पहिल्यांदा सरळ उभी राहिली. ते दोघं जरा लांब जाऊन बघत राहिले. फोरमननी टोपी काढून चेहरा पुसला. टोपीचं ग्रीस कपाळाला लागलं, ते तिनं सांगितलं नाही.

"निघते मग सोमवारी," ती म्हणाली.

"अं? छे. गाडी उंच केली म्हणून झालं का? ब्रेकचे पाइप ताणले गेलेत. लांब घालावे लागतील."

ते खरं होतं. ब्रेकचे पाइप बदलले. मग ते म्हणाले, शाफ्टचा कोन बिघडलाय, धडधडेल. तेही खरं असावं. ते नीट केलं. मग गिअरचं तेल. मग रेडिएटर. मग स्टिअरिंगमध्ये जरा ढिलेपणा वाटला, तो काढताना आणखी काही सापडलं. तिनं ऑफिसला फोन करून मुदत मागितली, पुन्हा मागितली. तिसऱ्यांदा पलीकडचा माणूस म्हणाला, "मॅडम, येणार नसाल तर तसं सांगा, दुसरं कोणी पाठवतो."

ती येऊन पायरीवर बसली. पुढचं डावं चाक निघालेलं होतं आणि चाक ज्यावर बसतं त्या उघड्या हबला फोरमन कान लावून होते. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा त्यांनी तिला डेपोतली एक गोष्ट रंगवून सांगितली होती. ड्रायव्हर यायचे, गाडीत आवाज येतोय म्हणायचे. मी म्हणायचो, आवाज येतोय तोवर चालव, बंद झाला की ये! तेव्हा ते आणि त्यांचा मुलगा दोघंही एकसारखेच हसले होते, खांदे हलवत.

"बेअरिंग गेलंय," फोरमन आता म्हणाले. "नवं मागवावं लागेल. ह्या मॉडेलचं इथं नाही मिळत. वेळ लागेल."

"बघू?"

ते बाजूला झाले नाहीत. ती त्यांच्या शेजारी उकिडवी बसली आणि तिनं हब हातानं फिरवला. गुरांच्या छातीला कान लावून घरघर ओळखायची तिला सवय होती. हब फिरत राहिला. नव्या ग्रीसचा तेवढा ओलसर सळसळाट, बाकी काही नाही. तिनं तो वरखाली हलवून पाहिला. कुठं ढिला नव्हता.

फोरमन हातातल्या चिंधीनं एकेक बोट पुसत होते. पुसलेलं बोट पुन्हा पुसत होते.

"बाबा."

"वरचा रस्ता वाईट आहे," ते म्हणाले. "घाटात बंद पडली तर कोण आहे तिथं?"

"बाबा, बेअरिंग चांगलं आहे."

त्यांनी मान हलवली. ती हो होती की नाही, ते कळेना. चाक भिंतीला टेकून उभं होतं. त्याच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"चाक लावा."

दोघांनी वळून पाहिलं. सासूबाई दारात उभ्या होत्या. पदर खोचलेला, हात पिठाचे. घराच्या या बाजूला त्या वर्षभरात आल्या नव्हत्या. गाडीकडे न बघता त्या नवऱ्याकडे बघत होत्या.

"पुरे झालं आता. लावा ते चाक."

"अगं, पण तूच..."

"हो, मीच." त्या पायरी उतरून खाली आल्या, पण तिथंच थांबल्या. मग सुनेला म्हणाल्या, "मीच सांगितलं होतं यांना. काही ना काही काढत राहा म्हटलं. गाडी झाली की तू जाणार. मग या घरात आम्ही दोघं एकमेकांची तोंडं बघत बसायचं."

कितीतरी दिवसांनी त्यांच्या बोलण्यात 'तू' आलं होतं. तिचा हात हबवर तसाच होता. उठावं, की बसूनच राहावं, तिला सुचेना.

"आई, मला वाटायचं..."

"मला ठाऊक आहे तुला काय वाटायचं. वाटू दिलं मी. तोंड उघडलं असतं तर रडू आलं असतं, आणि एकदा आलं की..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. "ऑफिसचा माणूस काय म्हणाला ते ऐकलं मी आतून. पुढं कुणी बोलावणार नाही तुला. बस इथं आमच्याबरोबर म्हातारी होत."

फोरमन उठले. चाक लोळवत आणलं. खांद्यामुळे उचलता येईना तेव्हा सुनेनं खालून आधार दिला. नट त्यांनी आधी हातानं फिरवले, मग पान्यानं, समोरासमोरचे आळीपाळीनं, जसे आयुष्यभर आवळले तसे. सगळे झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून आवळले. मग घोड्या काढल्या आणि जॅक सैल केला. गाडी सावकाश खाली आली, टायर जमिनीला टेकून किंचित फुगला.

सासूबाई तोवर चालत गाडीपाशी आल्या होत्या. गाडी एवढी उंच झाली होती की खिडकीतून आत बघायला त्यांना टाचा उचलाव्या लागल्या. पिठाचा हात त्यांनी दाराला लावला नाही, जवळ नेऊन मागे घेतला.

"वर गारठा असतो म्हणे," त्या म्हणाल्या. "हिचा हीटर चालतो का?"

ती फोरमनकडे बघू लागली. सासूबाईही बघू लागल्या. फोरमन खाली बसून पाने पेटीत ठेवत होते, लहान आधी, मग मोठे.

"चालतो," त्यांनी मान वर न करता सांगितलं. "सगळं चालतंय तिचं."