लांबून न बघणारी दुर्बीण

मी एक जुनी दुर्बीण आहे. पण मित्रांनो, माझ्यातून चांदण्या दिसत नाहीत. मी काळी, लांब, वळणारी नळी, टोकाला दिवा. माणसाच्या आतड्यात शिरून दुखणं शोधायचं हे माझं काम. हसू नका! हे काम मीही काही मागून घेतलेलं नाही.

कारखान्यातून नवीकोरी आले, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी माझं कोण कौतुक केलं! रोज आठ-दहा माणसं तपासायची. ती कण्हायची, बाई म्हणायच्या, "झालंच, झालंच." मला वाटायचं, हे असंच असतं.

मग एके दिवशी शिंपीकाका आले. चार महिने शौचातून रक्त पडत होतं, पण लाजेपायी घरात अवाक्षर काढलं नव्हतं. दवाखान्याचा मागून उघडा झगा एका हाताने घट्ट धरून ते टेबलापाशी आले, मला बघितलं आणि दोन पावलं मागे सरले.

"अहो, दुर्बीण लांबून बघते ना? म्हणून तर मी हो म्हटलं!"

बाईंना हसू आलं. काका मात्र चपला शोधू लागले. मला कळून चुकलं, हा माणूस आज गेला, तर पुन्हा यायचा नाही.

"थांबा काका," शेजारी उभी असलेली सिस्टर म्हणाली. "चूक आमची आहे. तुम्हाला कुणी नीट विचारलंच नाही." तिने स्टूल ओढलं आणि समजावलं. स्कॅनही करता येतो. त्यातही पोट साफ करावं लागतं, छोट्या नळीने हवा भरतात. पण काही सापडलं, तर काढायला पुन्हा दुर्बीणच.

"म्हणजे दोनदा उसवायचं?" काका विचारात पडले. "मग एकदाच काय ते करा. पण मी गिऱ्हाईकाचं माप घेतानासुद्धा सांगून हात लावतो. तुम्हीही सांगा. आणि थांबा म्हटलं की थांबायचं."

तपासणी सुरू झाली. मध्येच ते म्हणाले, "थांबा." बाई थांबल्या. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच वाटेत थांबले. काकांनी श्वास घेतला. "हं, चला." पुढच्याच वळणावर वाटाण्याएवढी गाठ होती. बाईंनी ती तिथल्या तिथे काढली. वेळेवर सापडली, असं नंतर कळलं.

आता माझ्या जागी नवी नळी आली आहे. मी काचेच्या कपाटात लटकते. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण मित्रांनो, एवढं ऐका. दुखणं लपवू नका, आणि कुणाला हात लावण्याआधी त्याला विचारा.

त्या तपासणीनंतर महिन्याभराने काकांनी दवाखान्यात एक गठ्ठा पाठवला होता. स्वतः शिवलेले पायजमे, मागे झाकणाची पट्टी असलेले. कपाटातून मला ते पायजमे घातलेली माणसं आत येताना दिसतात. आता त्यांचे दोन्ही हात मोकळे असतात.