डाळिंबाचा ठसा

“यात डाळिंब नाही का हो, ओपा?”

गालिच्यावर पसरलेली भेटकार्डं त्या मुलीने दोनदा वरखाली करून पाहिली होती. ट्यूलिप होते, फुललेली बदामाची फांदी होती, तुतीचं पान होतं, कापसाचं उकललेलं बोंडही होतं. मस्तुराने हातातला ठसा रंगाच्या फडक्यावर टेकवला, जाड कागदावर अलगद ठेवला आणि मुठीने वरून एक ठोसा दिला. ठसा उचलला तेव्हा खाली निळा गवतफुलांचा झुबका उमटला होता.

“नाही,” ती म्हणाली. “बाकीचं काय हवं ते घे.”

“पण माझ्या लग्नाला डाळिंबच पाहिजे ना! मिठाईच्या प्रत्येक पुडीवर एकेक कार्ड बांधायचं ठरवलंय मी. आलेल्या प्रत्येक बाईच्या हातात माझ्याकडून एक. आजकाल सगळे फोनवरच फुलं पाठवतात, ती काय उशाशी ठेवता येतात?”

मस्तुराला हसू आलं. पहिल्याच भेटीत तिला ‘ओपा’, म्हणजे ताई, म्हणणारी ही मुलगी धिटुकली होती. केसांच्या दोन वेण्या, बोटांवर सुई टोचल्याच्या खुणा. शिवणकाम करणारी असावी.

अंगणातल्या चुलीपाशी हनिफा नान भाजत होती. मस्तुराच्या वारलेल्या भावाची ही बायको. दोघी नणंदा-भावजया कोकंद शहरात जुन्या बाजारामागे मस्तुराच्या वडिलांच्या घरात राहायच्या, आणि हनिफाची जीभ त्या घराचं निम्मं काम करायची.

“डाळिंब ती करत नाही गं पोरी,” हनिफा तिथूनच म्हणाली. “डाळिंबाच्या साली उकळून रंग करते, पण फळ काढायचं म्हटलं की हाताला मुंग्या येतात हिच्या. साल चालते, फळ चालत नाही. असला सगळा कारभार!”

“वहिनी, नान करपेल,” मस्तुरा म्हणाली. मग मुलीकडे वळून, “नाव काय तुझं? कुठून आलीस?”

“ओयदीन. कालव्यापलीकडून. शिलाई मशिनी दुरुस्त करतात ना, कोबिल-अका, त्यांची मी मुलगी.”

हनिफा नान काढायची विसरून उभी राहिली होती.

मस्तुराने गवतफुलांचा ठसा पाण्यात बुडवला, घासला, फडक्याने कोरडा केला. मग म्हणाली, “पुढच्या शुक्रवारी ये. डाळिंब करून ठेवते.”

मुलगी नाचत गेली. दार लागल्याबरोबर हनिफा पिठाच्या हातांनीच समोर येऊन बसली.

“डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?”

“पोरीला काही माहीत नाही, वहिनी. तिचा काय दोष?”

“दोष कुणाचाच नसतो. म्हणूनच तू इथे बसलीयस!”

कोबिलच्या घरी मस्तुरा विशीत सून म्हणून गेली होती. त्या घराच्या अंगणात डाळिंबाची झुडपं होती. थंडी सुरू व्हायच्या आत त्यांच्या फांद्या वाकवून मातीखाली पुरायच्या आणि वसंतातला नवरोजचा सण जवळ आला की पुन्हा उकरून काढायच्या, हे काम दरवर्षी ती आणि कोबिल मिळून करायचे. तो फावडं चालवायचा, ती हातांनी माती सारून फांद्या मोकळ्या करायची. तेवढाच वेळ दोघांना निवांत मिळायचा. शरद ऋतूत, मूल व्हावं म्हणून, सासू डाळिंब फोडून दाण्यांची वाटी तिच्या हातात द्यायची आणि संपेपर्यंत समोर उभी राहायची. वर्षं गेली, पाळणा काही हलला नाही. वाटी मात्र दरवर्षी येत राहिली. शेवटी एक दिवस सासू म्हणाली, “माहेरी जाऊन ये.” त्यातल्या ‘ये’चा अर्थ काय हे मस्तुराला वाटेतच समजलं. चुलतसासू तिला इथे सोडून गेली. कोबिल त्या दिवशी बाजारात होता. तो नंतरही आला नाही. आईपुढे त्याने कधी तोंड उघडलं नव्हतं, तेव्हाही उघडलं नाही.

वडील कापडावर छापायचे ठसे कोरायचे. परत आलेल्या लेकीला त्यांनी काही विचारलं नाही, नाशपतीच्या लाकडाचा एक तुकडा आणि कोरणी तिच्यापुढे सारली. सकाळी बालवाडीच्या स्वयंपाकघरात काम आणि दुपारी लाकूड, असं तिचं आयुष्य मार्गी लागलं. कापडाचं काम बंद पडलं तेव्हा तिने ठसे लहान केले आणि कागद धरला. फुलं, पानं, फांद्या सगळं कोरलं, फक्त डाळिंबाच्या वाटेला ती गेली नाही.

त्या आठवड्यात गेली. पहिलं डाळिंब हनिफाने लांबूनच पाहिलं आणि म्हणाली, “समोवाराचं झाकण छान झालंय.” दुसरं कांद्यासारखं झालं. मस्तुराने तेही बाजूला टाकलं. वर्षानुवर्षं ज्या फळाची साल रोज रंगाच्या पातेल्यात होती त्याचा आकारच हाताला सापडत नव्हता.

शेजारच्या अंगणात म्हातारे ओलिम-अका त्यांची झुडपं उकरत होते. ती भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. मातीतून बाहेर काढलेल्या फांद्या मेल्यासारख्या दिसत होत्या. वाकड्या, चिखलाने माखलेल्या. पण जवळ वाकून पाहिलं तर कोंब फुटायच्या जागी तांबूस ठिपके दिसत होते.

“काय शोधतेयस?” ओलिम-अका म्हणाले.

“काही नाही. जरा हात लावू?”

ती त्यांच्याबरोबर माती सारत बसली. बोटांना काम आठवलं तसं बाकीचंही आठवलं. कोबिलचा घामेजलेला सदरा, त्याचं हळू आवाजातलं गुणगुणणं, फावडं तिच्या हाताला लागू नये म्हणून त्याने दर वेळी घेतलेली काळजी. वाटीतल्या दाण्यांपलीकडे इतकंही काही त्या झाडाशी जोडलेलं होतं, हे ती विसरूनच गेली होती. घरी आल्यावर तिने नुसतं फळ काढायचं सोडलं. एक वाकलेली फांदी काढली. तिच्यावर बारीक पानं, एक कळी, एक उमललेलं फूल आणि टोकाला डोक्यावर मुकुट असलेलं फळ. लाकडावर सगळं उलटं कोरायचं असतं. या वेळी कोरणी कुठे अडली नाही.

शुक्रवारी ओयदीनने पहिलं कार्ड हातात धरलं आणि उजेडाकडे नेऊन पाहिलं.

“ओपा, आमच्या अंगणातलंच झाड आहे हो हे!”

“सगळी डाळिंबं सारखीच असतात,” मस्तुरा म्हणाली. हनिफा खोकली.

ओयदीन ते एक कार्ड घरी दाखवायला घेऊन गेली. बाकीची लग्नाच्या आदल्या आठवड्यात न्यायचं ठरलं. पण त्याआधीच एका सकाळी दारात तिची आई उभी राहिली. खुर्शिदा, कोबिलची दुसरी बायको. डोक्याला भारी रुमाल, हातात एक गाठोडं, आणि चेहरा रात्रभर न झोपल्यासारखा.

मस्तुराने तिला बसवलं, चहा ओतला. पियाला तसाच राहिला.

“ओपा, राग मानू नका,” खुर्शिदा म्हणाली. “पोरीने नाव सांगितलं तेव्हा मला कळलं. तिला मी काही बोलले नाही. पण ती कार्डं नकोत.”

“बरी नाही झाली?”

“फार सुंदर झालीत. प्रश्न तो नाही. माझं तुमच्याशी काही वैर नाही, खरंच नाही. पण मी आई आहे. पोर सासरी चाललीय. लग्नात बाया विचारतील, डाळिंब कुणाच्या हातचं? मग एकीचं दुसरीला कळेल. उद्या पोरीला मूल व्हायला उशीर झाला तर…”

“तर माझा हात,” मस्तुराने वाक्य पुरं केलं.

हनिफा इतका वेळ दातओठ खात उभी होती. आता तिचा बांध फुटला. “हा हात? याच हाताने बालवाडीतल्या पोरांना रोज शोरबा भरवलाय! तुझा धाकटाही होता ना तिथे? वाटी चाटूनपुसून खायचा. तेव्हा नाही बाधला हा हात? गुटगुटीत झाला की चांगला!”

“वहिनी, पुरे.”

“का पुरे?”

“आपल्या घरी आलीय ती.”

खुर्शिदाची मान खाली गेली. तिने गाठोडं पुढे सरकवलं. आत एक नवा रेशमी रुमाल होता. “तुमचे कष्ट फुकट जाऊ नयेत म्हणून…”

मस्तुराने गाठोडं तसंच बांधून तिच्या मांडीवर ठेवलं. “पोरीच्या पेटीत घाल. हा रंग तिला शोभेल.”

खुर्शिदा उठली. गाठोडं काखेत धरून ती निघून गेली.

मस्तुरा पुन्हा पाटाशी बसली. फडक्यावर रंग ओतला आणि कागद ओढला.

“आता कुणासाठी छापतेयस?” हनिफाने विचारलं. आवाज भिजलेला होता.

“थोडीच राहिलीत.”

“अगं, पण नको म्हणून गेली ना ती!”

“ती नको म्हणाली. मी नाही म्हटलं अजून.”

हनिफा कोंबड्यांवर ओरडायला निघून गेली. मस्तुरा छापत राहिली. प्रत्येक ठोशाबरोबर फांदी उमटत होती. एखादी जरा फिकी, एखादी गडद, पण प्रत्येक फांदी जिवंत वाटत होती. खुर्शिदाचं बोलणं तिला लागलं नव्हतं असं नाही. रात्री अंथरुणावर ते लागायचंच होतं. पण हे काम मात्र तिला मनापासून आवडू लागलं होतं, आणि ते अर्धं टाकायला तिचा हात तयार नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी दाराची कडी वाजली. हनिफाने दार उघडलं आणि तिथेच खिळून उभी राहिली.

“आमच्या घराला दार आहे हे ठाऊक होतं म्हणायचं लोकांना,” ती भिंतीकडे पाहत म्हणाली आणि बाजूला झाली.

कोबिल आत आला. पाठीला पोक आलं होतं. जाड चष्मा, डोक्यावर नीट बसवलेली काळी टोपी, नखांत मशीनच्या तेलाची काळी रेघ. अंगणाच्या मधोमध येऊन तो थांबला. पुढे यावं की नाही ते त्याला कळत नव्हतं.

लग्न झालेल्या बायका नवऱ्याला नावाने हाक मारत नाहीत. मूल झालं की त्याच्या नावाने मारतात, अमक्याचे बाबा, तमकीचे बाबा. मस्तुराला ती हाक कधी मिळाली नव्हती. त्या घरात होती तोवर ती त्याला नुसतं ‘अहो’ म्हणत राहिली.

“बसा, ओयदीनचे बाबा,” ती म्हणाली.

तो कट्ट्याच्या कडेवर बसला. चष्मा काढून पुसला. डोळे पुसायचे राहून गेले.

“खुर्शिदा येऊन गेली म्हणे.”

“आली होती.”

“मला काल संध्याकाळी कळलं. ओयदीनला तिनेच सगळं सांगितलं, पोर जेवलीच नाही. तेव्हा मी म्हटलं, कार्डं हीच जातील. आणायला मी जातो. घरात सगळ्यांसमोर सांगितलं.” तो थांबला, मग स्वतःलाच पटवल्यासारखं म्हणाला, “सांगितलं मी.”

मस्तुराने मान हलवली. हे असं एकदा कुणीतरी सांगावं म्हणून त्या घरातल्या शेवटच्या दिवसांत तिने किती वाट पाहिली होती. आज सांगितलं, पण लेकीसाठी. मनात कुठेतरी कळ आली. ती थांबेपर्यंत मस्तुरा रंगाचं फडकं पिळत राहिली.

“खुर्शिदा काय म्हणाली?”

“चिडली. भांडी आपटली. मग म्हणाली, जायचंच आहे तर धड टोपी घालून जा, गबाळ्यासारखं जाऊ नका.”

मस्तुरा खळखळून हसली. तोही हसला. हनिफाने त्या दोघांकडे पाहिलं, पुटपुटत आत गेली आणि किटली घेऊन आली. पियाला तिने त्याच्यासमोर जरा जोरातच ठेवला, पण काठोकाठ भरला नाही. मानाच्या पाहुण्याला देतात तसा अर्धा भरला.

“मस्तुरा,” तो हळूच म्हणाला, “मी तेव्हा…”

“चहा घ्या. शेवटची कार्डं ओली आहेत, थांबावं लागेल थोडं.”

तो थांबला. चहा प्यायला. वाळत घातलेल्या कार्डांवरच्या फांदीकडे बघत राहिला. ती त्याने ओळखली की नाही, हे त्याने सांगितलं नाही, तिनेही विचारलं नाही. उन्हं भिंतीवरून खाली उतरली तेव्हा मस्तुराने सगळी कार्डं एका पसरट पुठ्ठ्याच्या खोक्यात मांडली, मध्ये पातळ कागद घातले आणि खोकं त्याच्या हातात दिलं.

“आडवंच धरा. रंग अजून कच्चा आहे, तिरपं झालं तर फिसकटेल.”

“नाही होणार.”

“आणि ओयदीनला सांगा, पुड्या बांधताना दोरी फुलावरून नेऊ नको.”

तो गेला. मस्तुरा दारापर्यंत गेली. हनिफाही तिच्या खांद्यामागून डोकावली. गल्लीच्या कोपऱ्यावर चहाच्या दुकानाबाहेर मोहल्ल्यातली म्हातारी माणसं बसली होती. त्यातल्या काहींना तो कोण हे माहीत होतं, आणि तो कुठल्या दारातून बाहेर पडला हेही सगळ्यांनी पाहिलं. त्यांनी छातीवर हात ठेवून सलाम केला. उलट सलामाला हात छातीवर न्यावा तर कोबिलचे दोन्ही हात खोक्याखाली होते. तो थांबला, खोकं जराही न हलवता सगळ्यांपुढे कमरेतून वाकला आणि उतरत्या उन्हात, सावकाश, रस्त्याच्या मधून चालत गेला.

“टोपी बरी घातलीय,” हनिफा म्हणाली.

मस्तुराने दार लोटलं आणि हात धुवायला गेली.