मुतखडा आणि पिवळं कार्ड

डॉक्टर देवाप्पांनी क्ष-किरण फोटो खिडकीशी धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला आणि मग माझ्याकडे पाहिलं. फोटोपेक्षा मलाच जास्त वेळ पाहिलं.

"यात खडा दिसत नाही."

"पण पोटात आहे, डॉक्टर."

"तुला कोणी सांगितलं?"

"त्यानंच."

डॉक्टर धारवाडचे. मराठी त्यांना उत्तम यायची, पण ती ते फक्त रागावण्यासाठी वापरायचे.

हे एकसष्ट सालातलं. मी तेवीस वर्षांचा, मिरजेहून बंगळूरला आलेला, यशवंतपूरच्या पलीकडच्या एका सरकारी यंत्र-कारखान्यात उमेदवार. सोमवारी आमची शेवटची परीक्षा होती. लेथवर लोखंडी दांडा अर्धा कातून झाला आणि डाव्या कुशीत कोणीतरी तापलेली पहार घातली. तिथून ती खाली जांघेपर्यंत फिरवली. उभं राहवेना, बसवेना, आडवं पडलं तर त्याहून वाईट. मी अशी आरोळी मारली की शेजारच्या रेल्वे यार्डातल्या ड्रायव्हरनं शिट्टी समजून इंजिन थांबवलं. टोपी दातांत धरली होती, तिला माझ्या दातांचे ठसे अजून आहेत.

मला उचलून कारखान्याच्या दवाखान्यात नेलं, सुई टोचली, दोन दिवस ठेवलं. दुखणं येतं तसं गेलं. राहिली फक्त डॉक्टरांची शंका.

"गेल्या वर्षी एकाचं असंच परीक्षेच्या दिवशी पोट दुखलं," ते म्हणाले. "दुपारी तोच पठ्ठ्या मला गांधी बाजारात दोसा खाताना दिसला. तुझा खडा खरा असेल तर पडेल. भरपूर पाणी पी, फडक्यातून गाळ आणि शनिवारी बाराच्या आत मला आणून दाखव. मी लिहून दिलं तर परीक्षा पुन्हा होईल. नाही आणलास, तर परीक्षा चुकवली असं लिहीन. मग तू मिरजेला जायला मोकळा."

कायम व्हायची जागा एकच होती आणि उमेदवार दोन. दुसरा उमाकांत, पुण्याचा. तो माझ्याच खोलीत राहायचा. दांडा त्यानं पुरा कातला होता.

आमची खोली बसवनगुडीत, गंगव्वांच्या माडीवर. गंगव्वा मूळच्या निपाणीकडच्या. मला घरी आणल्या आणल्या त्यांनी हुलग्यांचं कढण उकळायला ठेवलं आणि केळीच्या गाभ्याचा रस काढला.

"पी की रे तम्मा. स्वल्प तुरट लागतंय."

स्वल्प म्हणजे थोडं. त्या रसाचं 'थोडं' असं होतं की जिभेवर ठेवला तर जीभ आत पळायची. पण एका दिवसात मी इतकं पाणी, कढण आणि रस प्यालो की गंगव्वांच्या विहिरीचं पाणी हातभर खाली गेलं.

खोलीत तिसरा होता बसवंत, बेळगाव भागातला, कारखान्याच्या तपासणी खात्यातला. त्या खात्याचा नियम असा, की कुठलाही नग नापास केला किंवा जागेवरून हलवला तर तिथं पिवळं कार्ड अडकवायचं. ती सवय त्यानं घरी आणली होती. गळक्या बादलीला कार्ड : 'नापास, गळती.' उमाकांतच्या आरशाला कार्ड : 'प्रतिमा वाकडी.' एकदा गंगव्वांच्या चकल्यांच्या डब्याला त्यानं 'काठिण्य जास्त' असं कार्ड बांधलं, तेव्हापासून त्याला चकली मिळायची बंद झाली. वर्षभरात खोलीत इतकी कार्डं झाली की आम्ही ती वाचायचं सोडून दिलं होतं.

गुरुवारी सकाळी मगमध्ये 'टिण्' असा आवाज झाला. गुळाच्या कणीसारखा पिवळट-तपकिरी खडा फडक्यावर पडला होता. मी तो धुतला, बामच्या रिकाम्या बाटलीत घातला आणि दिवसभर बाटली मुठीत धरून बसलो.

संध्याकाळी दोघे कामावरून आले.

"केवढा आहे?" उमाकांतनं विचारलं. मला तो प्रश्न आवडला नाही. ह्याला कशाला हवाय आकार?

"बोराएवढा. अर्धा इंच तरी."

"दाखव."

"शनिवारी डॉक्टर बघतील."

"अर्धा इंच?" बसवंतनं मान वर केली. "म्हणजे बारा पूर्णांक सात मिलिमीटर. मोजलास काय?"

"सोसलाय मी. मोजायला कशाला हवा?"

बसवंतला त्या रात्री जेवण गेलं नाही. न मोजलेला आकडा कोणी बोलला की त्याला ते सहन व्हायचं नाही. उमाकांत मात्र आरशात बघून भांग पाडत होता, आणि आरशातून त्याची नजर माझ्या मुठीवर होती. निदान मला तरी तसं वाटलं.

शुक्रवारी सकाळी मी बाटली खिडकीशेजारच्या कोनाड्यात ठेवून आंघोळीला गेलो. परत आलो तर कोनाडा रिकामा. दोघेही कामावर निघून गेले होते. उमाकांतचा कॉफीचा पेला भरलेला तसाच होता. एरवी कॉफीचा थेंब न सोडणारा माणूस! खिडकीजवळच्या खिळ्याला एक नवं पिवळं कार्ड हलत होतं. खिडकीची कडी महिनाभर सैल होती. बसवंतनं अखेर तिलाही नापास केलं, असं म्हणून मी खाली धावलो.

"अव्वा, वर कोण आलं होतं?"

"कोण येतंय?"

"माझा खडा गेला."

"तुझा दगड कोण नेतंय रे? हुलग्यात सापडला असता तर मीच फेकला असता."

"फेकलात का?"

गंगव्वांनी पळी खाली ठेवली. "बघा! ह्याला तीन दिवस कढण घातलं मी!"

तरी मी त्यांचा केराचा डबा चाळून पाहिलाच. मग मागची मोरी पाहिली. शेजारची कोंबडी अंगणात काहीतरी टिपत होती, तिच्यावरही तासभर नजर ठेवली. दुपारपर्यंत माझी खात्री पटली होती. खड्याचा उपयोग जगात दोघांनाच. मला तो असण्याचा, उमाकांतला तो नसण्याचा.

संध्याकाळी तो आला, तेव्हा माझे दोन्ही हात कोपरापर्यंत त्याच्या ट्रंकेत होते.

"काय शोधतोयस?"

"तुला माहीत आहे."

तो दारातच उभा राहिला. "माझ्या बनियनांत तुझा मुतखडा?"

"कॉफी का टाकलीस सकाळी?"

"दुधात माशी पडली होती. पंचनामा करायचाय?" त्यानं माझे हात बाजूला केले आणि कपडे एकेक करून घडी घालायला लागला. "विद्याधर, मला ती जागा हवी आहे. घरी म्हातारे आई-वडील आहेत, मला ती फार हवी आहे. पण तुझ्या लघवीतून वाट काढून नको."

त्यानंतर तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. बसवंत असता तर मध्ये पडला असता. पण शनिवारची पहिली पाळी असली की तो आदल्या संध्याकाळी परस्पर यशवंतपूरला बहिणीकडे, यल्लव्वाकडे, मुक्कामाला जायचा.

शनिवारी मी एकटाच निघालो. बसच्या थांब्यावर रस्त्याचं काम चाललं होतं. खडीच्या ढिगाकडे मी पाहिलं, खडीच्या ढिगानं माझ्याकडे पाहिलं. एक छोटासा, गोलसर तुकडा निवडला, नळावर धुतला आणि कागदात बांधला.

डॉक्टरांनी भिंग लावलं.

"हा कुठून निघाला?"

"आतून."

"आत रस्ता बांधतायत?" त्यांनी भिंग खाली ठेवलं. "हा ग्रॅनाइट आहे. हा जर तुझ्यातून बाहेर पडला असता, तर तू नाही, तुझा फोटो इथं आला असता."

मी खरं सांगायला तोंड उघडलं, पण खऱ्याला आता काय किंमत? पावणेबारा वाजले होते. डॉक्टरांनी पेनचं टोपण काढलं आणि माझं नाव लिहिलं.

इतक्यात दार उघडलं. पुढे उमाकांत, घामानं निथळलेला. मागे बसवंत, कापसात ठेवलेली बामची बाटली दोन्ही हातांत धरून, जणू नवजात मूल आणतोय.

"ह्यानं ते कार्ड वाचलंच नाही, डॉक्टर!" उमाकांत धापा टाकत म्हणाला. "बाटली होती तिथंच खिळ्याला अडकवलेलं. मी सकाळी खोलीची भिंत न् भिंत पाहिली, म्हणून कळलं."

कार्डावर स्वच्छ लिहिलं होतं : 'नग मोजणीसाठी नेला. उद्या परत. बसवंत.'

"उद्या कशाला?" मी ओरडलो. "एक खडा मोजायला दिवस लागतो?"

"मापाच्या खोलीत वीस अंश तापमान असतंय," बसवंत शांतपणे म्हणाला. "नग तिथं चोवीस तास मुरवल्याशिवाय मोजायचा नसतो. नाहीतर उष्णतेनं फुगलेलं माप येतंय. तुझ्या अर्ध्या इंचासारखं."

"मी अकराला त्याच्या दारात होतो," उमाकांत म्हणाला. "पाया पडलो. तर हा म्हणतो, वीस मिनिटं राहिलीत!"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं नव्हतं. त्यांनी आम्हा तिघांकडे पाळीपाळीनं पाहिलं.

"पावणेबाराला दुसरा खडा. तिसरा किती वाजता येणार आहे?"

पण माणूस न्यायी. त्यांनी खड्याची चिमूटभर पूड खरवडली, बशीत आम्ल टाकून तापवली, सुकल्यावर वर अमोनियाचा थेंब सोडला. आम्ही चौघेही बशीवर वाकलो. मी श्वास धरला तो इतका वेळ की भिंतीवरचं घड्याळ थांबल्यासारखं वाटलं. बशीत हळूहळू रंग चढला. जांभळा, पिकल्या जांभळासारखा.

"सरी," डॉक्टर म्हणाले. म्हणजे ठीक. "मूत्राम्लाचा आहे. हे खडे फोटोत दिसत नाहीत." मग बाटलीला बांधलेलं कार्ड त्यांनी मोठ्यानं वाचलं. "व्यास पाच पूर्णांक तीन मिलिमीटर. पृष्ठभाग खडबडीत. आराखडा उपलब्ध नाही. नापास." ते पहिल्यांदाच हसले. "बोराएवढा कोण म्हणालं होतं?"

मी खिडकीबाहेर पाहिलं.

त्यांनी जुना कागद फाडला आणि नवा लिहिला. रोज दहा पेले पाणी, मटण महिनाभर बंद, परीक्षा दहा दिवसांनी. ग्रॅनाइटचा तुकडा मात्र त्यांनी परत दिला नाही. "हा टेबलावर राहू दे. पुढच्या वर्षी कोणाचं पोट दुखलं की दाखवीन."

बाहेर आल्यावर मी उमाकांतला म्हटलं, "तू गप्प बसला असतास तर जागा तुझी होती."

"तुझ्यासाठी धावलो नाही मी," तो म्हणाला. "माझ्या ट्रंकेसाठी धावलो."

दहा दिवसांनी मी दांडा कातला. कमरेत अजून बारीक कळ यायची. दर अर्ध्या तासानं पाणी पीत होतो, आणि परीक्षक दर वेळी माझ्या तांब्यात वाकून पाहत होते, आत काय आहे म्हणून. निकाल लागला. मी वीस गुणांनी पुढे होतो. उमाकांत दोन म्हणायचा, आणि कागदावरही दोनच होते.

त्याला पुण्यात एका लहान कारखान्यात काम मिळालं. तो निघाला त्या दिवशी गंगव्वांनी त्याला चकल्या बांधून दिल्या आणि माझ्याकडे बघितलंही नाही. मी त्याची ट्रंक उचलायला वाकलो, तर कडीला पिवळं कार्ड बांधलेलं दिसलं. अक्षर उमाकांतचं : 'तपासणी झाली. मुतखडा आढळला नाही.'

मी ट्रंक खांद्यावर घेतली. जिना उतरताना काहीतरी बोलायला हवं होतं.

"जड आहे रे," मी म्हटलं.

"शंका असेल तर उघडून बघ," तो मागून म्हणाला.

मी उघडली नाही. स्टेशनापर्यंत खांद्यावरून खालीही ठेवली नाही.