परत आलेली बाटली

आमच्या शेडमध्ये आलेली बाटली बाहेर जाते ती चेपटी होऊनच. गुहागरच्या किनाऱ्यावर पर्यटक पाणी पितात, बाटली टाकतात, आमच्या बचत गटाच्या बाया ती गोळा करतात. सगुणाकाकी दारात बसून झाकण काढते आणि गळ्यात अडकून राहिलेली कडी सुरीने कापते. मग मी लेबल सोलते, बाटल्या यंत्रात दाबते, गठ्ठे बांधते. बाबल्या ते टेम्पोने सावर्ड्याला पोचवतो आणि तिथून ट्रक घाटावरच्या कारखान्यात जातो. तिथे म्हणे बाटल्यांचा चुरा होतो, चुऱ्याचा धागा, धाग्याचं कापड. मी काही पाहिलेलं नाही. ट्रक घाट चढतो एवढं ठाऊक, पुढचं ते सांगतात आणि आपण मानायचं.

चेपल्याशिवाय बाटली सोडायची नाही, हा आमचा एकच नियम. अख्खी बाटली मिळाली की लोक त्यात कसलंही पाणी भरून विकतात. तसं एकदा जरी उघडकीला आलं, तरी शेडला कुलूप लागेल, असं सरपंचांनी मला तोंडावर सांगितलं होतं.

मे महिन्यात किनाऱ्यावरून आलेल्या गोणीत एक बाटली हाताला लागली. लेबल जागेवर, झाकण जागेवर, पण गळ्यात कडी नाही. गळ्यावर बारीकशी चीर, कडी कापताना सुरी निसटली की उठते तशी. म्हणजे ही एकदा आमच्याकडे येऊन गेलेली. एव्हाना तिचा कुणाच्या तरी अंगावर सदरा व्हायचा, तर ही परत कचऱ्यात, तळाशी घोटभर पाणी घेऊन.

चीर उलट्या बाजूने चढलेली होती. सगुणाकाकी डावरी. ते मी पाहिलं आणि मनातल्या मनात बाजूला सारलं. कड्या तीच कापते, चीर तिचीच असणार, त्यातून काय कळतं? मग मी बाटली हुंगली. मासळीचा वास. आणि बाबल्या रोज पहाटे त्याच टेम्पोतून मासळी नेतो. झालं, माझा चोर सापडला.

बाबल्या चोर असणं मला सोयीचंही होतं. तो मोठ्याने बोलतो, बायांची टिंगल करतो, चहा दिला की पाणचट म्हणतो. काकीला मात्र गटात मीच आणली होती. हात सावकाश चालतो म्हणून बाकीच्या नको म्हणत होत्या. तिचा मुलगा मुंबईला, घरी बोलायला कोंबड्या. शेडच्या दारात बसलं की येणारा-जाणारा दोन शब्द बोलतो, तेवढ्यासाठी ती येते हे मला माहीत होतं.

वीज गेली की यंत्र बंद. मग भरलेल्या गोण्या शेडच्या पडवीत राहतात आणि बाबल्याचा टेम्पोही तिथेच उभा असतो. मी गोण्यांची तोंडं माझ्या हाताने, माझ्या गाठीने बांधायला लागले. गाठी जशाच्या तशा राहिल्या, तरी चिरेच्या बाटल्या येतच होत्या. त्याने गाठ बघून शिकून घेतली असणार, असं मी ठरवलं. एकदा संशय घ्यायचा म्हटलं की डोकं कसं छान चालतं.

शेवटी सगळ्यांसमोर मी त्याला विचारलं. तो एकदम गप्प झाला, आणि तो गप्प झाला हेही मी त्याच्याच खात्यावर मांडलं.

"वहिनी, मी मासळीत हात घालतो," तो म्हणाला. "तुमच्या कचऱ्यात नाय."

टेम्पो घेऊन गेला तो फिरकलाच नाही. गठ्ठे पत्र्यापर्यंत चढले. दुसरा टेम्पोवाला मिळेना, कारण बाबल्यावर काय आळ आला ते सगळ्या बंदराला कळलं होतं. काकी कड्या कापत होती, पण मान वर करत नव्हती. एक दिवस तिने सुरी खाली ठेवली आणि म्हणाली, घरी चल.

तिचं घर समुद्राकडे जाणाऱ्या वळणावर. पडवीत थर्माकोलची मासळीची पेटी, तिच्यात बंदरावरून आणलेला बर्फ, आणि बर्फात ओळीने बाटल्या. लेबल आहे, झाकण आहे, कडी नाही. माझ्या गाठींना कुणी हात का लावला नव्हता ते तेव्हा कळलं. बाटल्या गोणीपर्यंत पोचतच नव्हत्या.

माझ्या तोंडातून आलं ते भलतंच. म्हटलं, विकायच्याच होत्या तर कड्या कशाला कापल्यास?

"हाताला सवय गो," काकी म्हणाली.

मला हसू आलं. तिला नाही आलं.

"आधी तांब्याभांडा घेऊन उभी रवायची," ती सांगायला लागली. "पोरा उन्हातनं येतात, दमलेली. म्हटला, प्या. तर म्हनतात, आजी, बाटलीतला नाय का? माज्या विहिरीचा पानी गो. तांब्यातला नको झाला. मग तोच बाटलीत भरला. पैसे देऊन प्याली, वर थँक्यू म्हनाली."

पाण्याला काही नाव ठेवता येत नव्हतं, तिच्या विहिरीचं पाणी मी लहानपणापासून पीत आले आहे. पण बाटलीत आधी काय होतं? किनाऱ्यावर लोक बाटल्यांत रॉकेल आणतात, फिनेल आणतात, आणखी काय काय. काकी म्हणाली, प्रत्येक बाटली हुंगून घेते, आजवर कुणाला काही झालं नाही.

"झालं तर तुला कळणार कसं, काकी? तोवर ते पुण्याला पोचलेले असतात."

ती उठली, एकेक बाटली माडाच्या आळ्यात ओतली, पायरीवर आडवी ठेवून टाचेने चेपली. म्हातारं शरीर, प्रत्येक वेळी खांबाला धरत होती. मी मदत केली नाही. शेवटची चेपून झाल्यावर तिने विचारलं, "गटात सांगशील?"

सांगितलं असतं तर तिला त्याच दिवशी काढली असती.

मी बंदरावर गेले. बाबल्या टेम्पो धूत होता. चूक झाली, तू नव्हतास, सगळ्यांसमोर म्हणेन, असं मी त्याला सांगितलं. त्याने नळ बंद केला.

"मग कोन होता?"

"नाही कळलं."

"नाय कळला," तो म्हणाला. माझ्याकडे नीट बघितलं, मी त्या बाटलीकडे बघितलं होतं तसं. "शेडची चावी कोनाकडं असते, वहिनी?"

"माझ्याकडे."

त्याने मान हलवली आणि नळ पुन्हा सोडला.

सकाळी टेम्पो आला. मी सगळ्यांसमोर माफी मागितली. बाबल्याने ऐकून घेतली आणि पहिल्या गठ्ठ्याची दोरी सोडली. आत कोपरापर्यंत हात घालून अख्खी बाटली शोधावी तसं चाचपलं, हात हुंगला, पुन्हा दोरी आवळली, मग गठ्ठा टेम्पोत चढवला. दुसराही तसाच. बाया कामं सोडून आधी त्याच्याकडे आणि मग माझ्याकडे बघायला लागल्या.

दारात काकीची सुरी थांबली. तिने तोंड उघडलं.

"हात चालव, काकी," मी म्हटलं.