तासाभराचं काम

दार वाजताच जेरामभाईंनी खड्यांचं ताट पायानं खाटेखाली सारलं आणि सदरा झटकला. आल्या होत्या त्या रोजगाराच्या पाहणीवाल्या निमिषाबेन. हातात सरकारी टॅब, कपाळावर घाम; चार मजले चढून आल्या होत्या.

"घरात कोण काय काम करतं, एवढंच विचारायचंय, जेरामभाई."

"हिरे घासतो. लग्नाआधीपासून एकाच शेठकडे."

"सध्या?"

"सध्या सुट्टी आहे. दिवाळीची."

लाभुबेन पाण्याचा पेला घेऊन बाहेर आल्या. "होळी झाली, बेन," त्या म्हणाल्या, "आमच्या ह्यांची दिवाळी काही सरत नाही."

सुरतेत हिऱ्याच्या कारखान्यातून सहसा कुणाला काढून टाकत नाहीत. शेठ मंडळी फार सभ्य. मंदी आली की दिवाळीची सुट्टी पंधरा दिवसांनी वाढते, मग आणखी पंधरा. विचारायला जावं तर 'अरे, तू तर आमच्या घरचा' म्हणून चहा पाजतात. माणूस तो चहा पिऊन घरी येतो आणि शेजाऱ्यांना सुट्टीचंच सांगतो. तोंड झाकायला तेवढंच बरं पडतं.

"परत बोलावू, असं शेठ म्हणालेत का?" निमिषाबेननी विचारलं.

जेरामभाई उठले. समोरच्या घराचं दार उघडं होतं, म्हणून त्यांनी आपलं लोटून घेतलं.

"बेकार लिहा," ते हळूच म्हणाले. बायकोसमोर हा शब्द त्यांनी पहिल्यांदाच उच्चारला होता. "पेपरात रोज येतं, कराचं उत्पन्न वाढलं, महागाई उतरली. आता माझंही काम चालू आहे म्हणून लिहिलंत, तर गांधीनगरला वाटायचं, सगळं झकास आहे. कुठंतरी खरं लिहून राहू दे."

निमिषाबेनना बरं वाटलं. दिवसभर घरोघरी सुट्टीच ऐकत होत्या त्या. पण पुढचा प्रश्न विचारणं भागच होतं.

"गेल्या सात दिवसांत घरच्या कुठल्या कमाईच्या कामाला हात लावलात? तासभर तरी?"

लाभुबेननी नवऱ्याला डोळ्यांनी खुणावलं. जेरामभाईंनी नाही म्हटलं असतं तर तिथंच संपलं असतं. पण एवढं मन घट्ट करून खरं बोलल्यावर लगेच खोटं बोलणं त्यांच्या जिवावर आलं. त्यांनी वाकून ताट बाहेर ओढलं. प्लास्टिकचे रंगीत खडे होते.

"ही साड्यांना खडे चिकटवते. संध्याकाळी मीही बसतो. हिऱ्यांवर बसलेली नजर आहे, एक खडा वाकडा लागत नाही."

निमिषाबेनचं बोट टॅबवर थबकलं. "मग बेकार लिहिता येत नाही."

"का?"

"आठवड्यात तासभर काम केलं तरी माणूस कामावर धरतात. घरच्या धंद्यात, बिनपगारी केलं तरीही."

"ह्याला काम म्हणतात?"

"नियम आहे, भाई."

"नियम करणाऱ्याला आणून बसवा इथं डिंकात हात घालून!" लाभुबेन उसळल्या. मग आवाज उतरवून म्हणाल्या, "तुम्ही ऐकलंच नाही असं समजा ना, बेन."

"वरून फोन करून पडताळतात. माझीही नोकरी कंत्राटीच आहे." निमिषाबेननी मान खाली घालून नोंद केली. टॅबवर जेरामभाई कामाला लागले.

निघताना निमिषाबेनना राहवलं नाही. "तीन महिन्यांनी पुन्हा तुमच्याच घरी यायचंय मला."

"मग आधी कळवा," जेरामभाई एकदम म्हणाले. "त्या आठवड्यात मी खड्यांना शिवणारसुद्धा नाही. मग तरी लिहाल?"

"लिहीन."

"अन् त्या आठवड्यात खायचं काय?" लाभुबेननी विचारलं.

निमिषाबेन दारात चपला घालत होत्या. जेरामभाईंनी ताट पुढ्यात घेतलं, डिंकाची बाटली उघडली आणि दार लोटायचंही न सांगता ते खडे लावायला बसले.