दोऱ्याने बांधलेला बॅज

सहीची जागा रिकामी सोडून लम्दुअनने पेन खाली ठेवलं आणि विचारलं, “डॉक्टर, तुमचा बॅज सहा महिने कुठे होता?”

डॉक्टर थीरात शिशाचा एप्रन चढवत होते. खोटं बोलावं असं क्षणभर त्यांच्या मनात आलं असावं.

“लॉकरमध्ये,” ते म्हणाले. “चिमटा तुटलाय त्याचा.”

“चिमटा मागच्या आठवड्यात तुटला. मी पाहिलाय.”

थायलंडच्या ईसान भागातल्या त्या जिल्हा रुग्णालयात लम्दुअन एकतीस वर्षं क्ष-किरण यंत्र चालवत होती. आज तिचा शेवटचा दिवस. दर तिमाहीला सगळ्यांचे जुने बॅज गोळा करून नवे वाटायचे, जुने बँकॉकला पाठवायचे आणि ‘सर्वांनी बॅज नियमित लावले’ या ओळीखाली सही करायची, हेही तिचंच काम. किती किरण अंगावर आले हे तो बॅज सांगतो. मागच्या तिमाहीचे आकडे आज सकाळी आले. थीरातांचा आकडा कचेरीच्या कपाटातल्या राखीव बॅजइतकाच होता. तो बॅज तर शस्त्रक्रियागृहात कधी येतच नाही. म्हणजे मागच्या खेपेला तिच्या हातून नकळत खोटी सही झाली होती. एकतीस वर्षांत ती एकच. दुसरी करून निवृत्त व्हायची तिची तयारी नव्हती.

थीरातांनी लपवलं नाही. मूतखड्याचे एकशे चाळीस रुग्ण यादीत होते आणि पाठीतून सुई घालून खडा काढणारे डॉक्टर ते एकटेच. गेल्या वर्षीचा आकडा चढलेला होता. आणखी चढला असता तर किरण-सुरक्षा समितीने त्यांना दोन-तीन महिने या खोलीपासून लांब ठेवलं असतं. मग या लोकांनी जायचं कुठे?

लम्दुअनला यादी पाठ होती. पण थीरातांच्या आधीचे डॉक्टरही तिला आठवत होते. पन्नाशीत त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आला. वयामुळे असेल, असं ते हसत म्हणायचे. तिला ते कधी पटलं नाही.

“बॅज काढल्याने किरण थांबत नाहीत,” ती म्हणाली. “पेडलवरचा पाय उचलल्याने थांबतात. तुमचा पाय तिथेच झोपी जातो, डॉक्टर.”

दुपारी तिचा निरोपाचा सोहळा झाला. चिकट भात, भाजलेली कोंबडी, कच्च्या पपईची तिखट कोशिंबीर. मग सगळ्यांनी रीतीप्रमाणे तिच्या मनगटांना पांढरे दोरे बांधले, आयुष्य मागितलं, सुख मागितलं. मुख्य नर्स म्हणाली, पी दुअन, आता घरी नवऱ्याला ‘पाय उचला’ म्हणत बसा. वयाने मोठी म्हणून सगळे तिला पी म्हणत, थोरली बहीण. ती पोटभर हसली. जेवलीही पोटभर.

तीन वाजता शेवटची शस्त्रक्रिया होती. टेबलावर भात ठेवायच्या बांबूच्या टोपल्या विणणारी एक बाई पालथी झोपवलेली. हात धुवायला जाण्याआधी थीरातांनी त्याच तुटक्या चिमट्याने एप्रनवर नवा बॅज लावून पाहिला. तो खाली पडला. लम्दुअनने आपल्या मनगटावरचा एक दोरा सोडला आणि बॅज त्यांच्या गळ्याभोवतीच्या शिशाच्या पट्टीला तीन गाठी मारून बांधला.

“तीन दिवस तोडायचा नाही. माहीत आहे ना?”

“पाच वर्षं झाली मला इकडे येऊन, पी. माहीत आहे.”

तिने किरणांची खिडकी लहान केली, यंत्र बाईच्या पाठीजवळ आणलं. सुई पुढे सरकली की एक चित्र, बस. तेच चित्र पडद्यावर ठेवून पुढचं काम. पाय रेंगाळला की ती आवाज न चढवता म्हणायची, “डॉक्टर, पाय.” पहिल्या दहा मिनिटांत अकरा वेळा म्हणाली. नंतर दोनदा. मग गरजच पडली नाही. खडा फुटला, तुकडे निघाले. किरणांची पाच मिनिटं भरली की यंत्र घंटा वाजवतं. घंटा बिघडली काय, असं नर्सने विचारलं.

“तीन मिनिटं चाळीस सेकंद,” लम्दुअन म्हणाली. एरवी नऊ लागत.

मग तिने फॉर्म पुढे ओढला. छापील ओळ खोडून लिहिलं: डॉ. थीरात यांचा बॅज सहा महिने लॉकरमध्ये होता. आजपासून लावला आहे. खाली आजची किरणांची वेळ लिहिली आणि सही केली.

थीरातांनी ते दोनदा वाचलं. “समिती मला बोलावणार.”

“जा. हा आकडाही दाखवा.”

त्यांनी फॉर्म परत दिला. “सोमवारपासून ‘पाय’ कोण म्हणणार?”

“पाय तुमचाच आहे, डॉक्टर.”

आपला एप्रन तिने घडी न घालता रुंद दांडीवर टांगला. घडी घातली की आतलं शिसं चिरतं. आपला बॅज काढून बँकॉकला जायच्या पाकिटात सगळ्यांत वर ठेवला.

सोमवारी ती लॉकरची किल्ली द्यायला आली. शस्त्रक्रियागृहाच्या दाराला काचेची छोटी चौकट होती. आत थीरात वाकलेले, गळ्याशी पांढरा दोरा, त्याला बॅज. नवी तंत्रज्ञ यंत्रापाशी गप्प उभी होती. पेडल दाबलेलं असेपर्यंत होणारा आवाज बाहेर येत होता. एक टिक्. शांतता. पुन्हा एक टिक्. लम्दुअन सवयीने सेकंद मोजू लागली. सतरावर आली तरी पुढचा टिक् नव्हता. तिने मोजणं थांबवलं, आणि किल्ली द्यायला कचेरीकडे वळली.