उन्हात ठेवलेलं पाणी

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची झारी आहे. बुडाला गंज चढलाय, तोंडाच्या चाळणीची निम्मी भोकं बुजली आहेत. तरी पाणी अजून धरते. एका माणसाचा हातही मी धरून ठेवला होता, त्याची ही गोष्ट.

मला विकत घेतलं ते एका थंड गावातल्या शिवणकाम करणाऱ्या बाईने. तिला लाल भोपळ्याचं भारी वेड. हाती भोपळा आला की लोकांची तोंडं पडतात, ही मात्र नाचायची! तिकडे जमीन उशिरापर्यंत गारठलेली असे. म्हणून ती बिया खिडकीतल्या कपांत रुजवायची, रोपं बाहेर लावली की गोणपाटाने झाकायची. पाण्याचीही तिची रीत ठरलेली. सकाळी मला भरून उन्हात ठेवायची. दुपारपर्यंत पाण्याचा गारठा गेला की ती आणि तिचा नवरा दांड्याला दोन बाजूंनी धरून मला उचलायचे.

"गार पाण्यानं मुळं दचकतात हो," असं ती त्याला सांगायची.

एका हिवाळ्यात ती गेली. मुलीने वडिलांना आपल्या घरी नेलं, दूरच्या गरम गावात. त्यांनी सामानातून मला आणलं, आणि तिच्या बटणांच्या डबीत उरलेल्या बिया.

इथे अंगणातली फरशी पायाला चटके देते. तरी म्हाताऱ्याने तोच परिपाठ चालू ठेवला. दुपारी मला उचलताना तो दांड्याची एक बाजू मोकळी सोडायचा. आणि खोटं कशाला सांगू, त्या बाजूने मला कुणीतरी उचलायचं. सुया टोचून खरखरीत झालेली ती बोटं मी ओळखत होते. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. हिची मेल्यावरही गेली नव्हती. मला भीती वाटायची, आणि ती यावी असंही वाटायचं.

पण माझ्या पोटातलं पाणी तोवर कढत झालेलं असे. एकेक रोप मान टाकत गेलं. शेवटी एकच वेल उरला आणि डबी रिकामी झाली.

एका दुपारी मुलीने माझ्यात बोट बुडवलं आणि झटकन मागे घेतलं.

"बाबा, अहो केवढं तापलंय हे! मुळं शिजतील."

"तुझी आई दुपारीच घालायची."

"ते तिकडे. इथे असती तर तिनं पहाटे घातलं असतं."

"पहाटे ती येत नाही गं," तो म्हणाला.

मुलगी त्याच्याशेजारी पायरीवर बसली. मग म्हणाली, "हा वेल गेला तर तिच्या हातचं काहीच उरणार नाही, बाबा."

दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याने मला पहाटे भरलं. दांड्याची बाजू त्याने तेव्हाही मोकळी सोडली होती. कुणी हात लावला नाही. इतकी जड मी कधीच झाले नव्हते.

वेलावर आता जुनी चादर बांधली आहे. त्याने जीव धरला, फुलामागे मुठीएवढा भोपळा आलाय. मुलगी रोज कौतुकाने बघून जाते.

दुपारी मी रिकामीच असते. म्हातारा पायरीवर येऊन बसतो आणि मला विचारतो, "रागावली असेल का गं ती?"

मला बोलता येत नाही. मित्रांनो, तुम्हाला येतं. असं कुणी दुपारचं एकटं बसलेलं दिसलं, तर जवळ जाऊन दोन शब्द बोला.